पाच-सात गावांचा पालकगट: मेंदूच्या अपंगत्वाच्या लेकरांना गावातूनच आधार कसा द्यायचा

हा लेख विदर्भातल्या गावांत नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी आहे. आशाताई, अंगणवाडीताई, शाळेतले गुरुजी, बचतगटातली बाई किंवा अशाच लेकराची आई, कुणीही वाचून कामाला लागू शकतं. सेरेब्रल पाल्सी म्हणजे सीपी, मिरगी, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, किंवा मेंदूज्वरानंतर राहिलेलं अपंगत्व असलेलं लेकरू ज्या घरात आहे, तिथे चोवीस तासांचा भार बहुतेक वेळा एकाच बाईवर पडतो. तो चार-पाच माणसांत वाटला जाणं म्हणजे आधार, आणि जवळच्या गावांतल्या अशा घरांचा पालकगट त्यासाठीच करायचा. शिबिरं, वाटप, व्हीलचेअरसोबतचे फोटो हे त्यानंतरचं, आणि नाही झालं तरी चालतं.

लेकरं शोधणं

गावात जाऊन "इथं अपंग मूल आहे का" असं विचारलं तर "नाही" हेच उत्तर मिळतं. लोक लपवतात म्हणूनच नव्हे. झटके येणारं किंवा उशिरा बोलणारं लेकरू अपंगांत मोडतं असं कुणाला वाटत नाही. म्हणून प्रश्न बदला. शाळेच्या वयाचं पण शाळेत न जाणारं कोण आहे? तीन वर्षांचं होऊनही कुणाला भरवावं लागतं? कुणाला फिट येते? कोणती आई कापूस वेचायला, निंदायला येणं बंद झाली? हा शेवटचा प्रश्न गावातल्या बायांना विचारा, सगळ्यात जास्त घरं त्यातूनच कळतात. मग आशाताईची नोंदवही, अंगणवाडीची वजनाची वही आणि शाळेचा पट एकत्र ठेवून नावं जुळवा.

लहान बाळांसाठी ढोबळ खुणा अशा: चार महिन्यांनंतरही मान न धरणं, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणं, दीड वर्षापर्यंत न चालणं. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल आणि दुसरी मूठ कायम आवळलेली असेल, तर त्याला "डावखुरं आहे" म्हणून सोडू नका. एवढ्या लवकर हात ठरत नाही, दुसऱ्या बाजूत दोष असू शकतो.

सुरुवातीला आठ-दहा घरं पुरेत, आणि ती एका दिवसात पायी किंवा दुचाकीवर होतील एवढ्याच अंतरातली. तालुकाभर पसरलेला गट दोन-तीन महिन्यांत फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर उरतो.

पहिल्या भेटीत कागद मागू नका आणि "हे कशामुळे झालं" हेही विचारू नका. त्या प्रश्नाने आईला गावाने आधीच पुष्कळ छळलेलं असतं. दिवसातलं सगळ्यात कठीण काम कोणतं, एवढंच विचारा. उत्तरं साधारण ठरलेली असतात: भरवायला तास-तास लागतो, लेकरू रात्री झोपत नाही, शी होत नाही, वावरात जाताना कुणापाशी ठेवायचं कळत नाही. त्यातलं एक धरा आणि पुढच्या भेटीपर्यंत त्यावर काहीतरी करा. घराचा विश्वास तिथून बसतो.

आधी दवाखाना कुणाला

काही लेकरांच्या बाबतीत गटाची बैठक होईपर्यंत थांबायचं नाही.

चार ते आठ महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर लागोपाठ दचकतं, दर वेळी मान-कंबर वाकवून हात आवळतं, थोडं थांबतं, पुन्हा तेच. घरात याला पोटदुखी किंवा दृष्ट समजतात. हे बाळाच्या मिरगीचं एक गंभीर रूप असू शकतं आणि उपचाराला जितका उशीर तितकं मेंदूचं नुकसान. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. डॉक्टरांना शंभर शब्दांपेक्षा तो एक मिनिट जास्त सांगतो.

येत असलेली गोष्ट जाऊ लागली, म्हणजे बोलणारं लेकरू गप्प झालं, चालणारं पडू लागलं, किंवा बाळाचं डोकं फार वेगाने वाढू लागलं, तरी तातडी करा.

विदर्भासाठी आणखी एक, आणि ते फार महत्त्वाचं. आपल्याकडे, विशेषतः पूर्व विदर्भात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. सिकलसेलच्या लेकराला मेंदूचा झटका (फिट नव्हे, पक्षाघात) येऊन अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडू शकतो, तोंड वाकडं होऊ शकतं, बोबडी वळू शकते. "वारं गेलं" म्हणून मालीश करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि सिकलसेल असल्याचं फोनवरच सांगा. लेकरू लुळं पडलंय पण तपासणी झालेली नसेल, तर सिकलसेलची चाचणी मागून घ्या. एकदा झटका आलेल्या लेकराला तो पुन्हा येण्याचा धोका मोठा असतो आणि तो टाळण्याचे उपचार आहेत.

एरवीचा रस्ता असा: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसकेचं पथक, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं ते तपासतात. पथक यायच्या दिवशी गटातली सगळी लेकरं अंगणवाडीत हजर ठेवा, शाळेत नाव नसलेलीही. पथकाची चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचं. पुढचे तज्ज्ञ लागले तर नागपूरचं मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, आणि यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. जाण्याआधी ओपीडीचा वार विचारून घ्या. चुकीच्या वारी गेलं की एक मजुरी, एक भाडं आणि पुन्हा जाण्याची हिंमत, तिन्ही जातात.

भगताकडे जाण्यावरून घराशी भांडू नका. मेळघाटात भुमका, गडचिरोलीकडे पुजारी. लोकांचा विश्वास आहे आणि तो माणूस गावातलाच आहे. त्यालाही बैठकीला बोलवा. दोन गोष्टींवर मात्र ठाम राहा: डागण्या द्यायच्या नाहीत आणि मिरगीचं औषध बंद करायचं नाही. या दोन्ही गोष्टी त्याच्याच तोंडून घराला सांगितल्या गेल्या तर फार लवकर पटतात.

फिट आली तर

हे गटातल्या प्रत्येक घराला, शेजाऱ्यांना आणि शाळेला करून दाखवा. बाहुली नको, सतरंजीवर माणूसच झोपवून दाखवा.

लेकराला कुशीवर करा म्हणजे लाळ बाहेर येईल. डोक्याखाली दुपट्टा, गळ्याजवळचं बटण मोकळं, जवळची चूल, विळा, दगड दूर. घड्याळ बघा. तोंडात काही घालायचं नाही: चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. कांदा, चप्पल, लोखंड यांनी फिट थांबत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते, म्हणून कांद्याने थांबली असं वाटतं. हात-पाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या पुढे गेली, शुद्ध न येता लगेच दुसरी आली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल, तर १०८. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा लिहून दिला असेल तर तो कधी आणि किती मारायचा हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि फवाऱ्यासोबतच ठेवा.

औषध सुरू असूनही फिट का येते? सगळ्यात जास्त वेळा औषध चुकलेलं असतं. पंधरा दिवसांचं संपलं, गाडी नव्हती, हंगाम होता. ताप आणि अपुरी झोप ही दुसरी कारणं. तिसरं कारण बाटलीत असतं: फेनिटोइनसारखं पातळ औषध न हलवता दिलं तर वरचं पातळ लेकराला जातं आणि खाली साचलेलं जड औषध शेवटच्या दिवसांत एकदम पोटात जातं, मग लेकरू झिंगल्यासारखं चालतं. आणि घरातला चमचा कधीच वापरू नका. प्रत्येक घरचा चमचा वेगळा असतो. सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज मेडिकल स्टोअरमध्ये स्वस्तात मिळते, तीच घ्या.

गटाचं काम इथे स्पष्ट आहे. एक वही: लेकराचं नाव, औषध, किती मिली, किती वेळा, साठा कोणत्या तारखेला संपतो. तारखेच्या आठ दिवस आधी फोन. पावसाळ्यात नाले भरून रस्ता तुटणाऱ्या गावांत, एटापल्ली-भामरागडकडे किंवा धारणी-चिखलदऱ्याच्या आत, डॉक्टरांना सांगून जूनमध्येच जास्तीचा साठा लिहून घ्या. वर्षभर फिट आली नाही म्हणून औषध आपल्या मनाने थांबवायचं नाही. एकदम थांबवल्यावर येणारी फिट न थांबणारी असू शकते.

भरवणं

सीपीच्या लेकरांचा जीव छातीत अन्न गेल्यानेही धोक्यात येतो, आणि हे बऱ्याचदा घडतं मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून भरवल्याने. आईची चूक नसते. लेकरू ताठ होतं, बसत नाही, मग तिला दुसरा उपाय दिसत नाही.

लेकरू बसतं करा. अगदीच जमत नसेल तर आईच्या मांडीवर, पाठ आईच्या छातीला, ढुंगण खोल, गुडघे कमरेपेक्षा किंचित वर. हनुवटी थोडी खाली. चमचा लहान आणि सपाट, समोरून आणि खालून आणायचा, जिभेच्या मध्यावर हलका दाब देऊन सरळ बाहेर काढायचा. वरच्या दातांवर घासून रिकामा करू नका, त्याने तोंड अजून ताठ होतं. ओठ मिटायला वेळ द्या. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही.

पातळ पदार्थ सर्वांत आधी श्वासनलिकेत जातात. पाणीच प्यायल्यावर लेकरू खोकत असेल तर पाणी बंद करायचं नसतं, दाट करायचं असतं: आंबील, दाट पेज, ताकात कालवलेल्या कण्या. वरणात भाकर चुरून एकजीव करा. गुठळ्या आणि पातळ वरण वेगवेगळं राहिलेलं मिश्रण सगळ्यात अवघड. ही लेकरं थोडंच खातात म्हणून त्या थोड्यातच ताकद भरा. प्रत्येक वाटीत चमचाभर तेल किंवा तूप, बारीक शेंगदाणा कूट. दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी अर्ध्या तासाच्या आत. त्यापुढे लेकरू थकतं आणि घास चुकतो. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका.

भरवताना खोकला, डोळ्यांत पाणी, आवाजात घरघर, आणि वर्षात दोन-तीनदा न्यूमोनिया, ही चिन्हं दिसली तर डॉक्टरांना नुसतं "सर्दी होते" असं सांगू नका, "खाताना होते" असं सांगा.

बसायची जागा गावातल्या सुताराकडून

शिबिरात मिळणारी मोठी व्हीलचेअर चार वर्षांच्या लेकराला बसवली तर ते एका बाजूला लोंबकळतं, पाठीचा कणा वाकतो, आणि शेवटी त्या खुर्चीवर कपडे वाळतात. लेकराच्या मापाची कोपरा-खुर्ची सुतार दोन दिवसांत करतो. मापं घेताना लेकराला बसतं धरून घ्या.

बसायच्या फळीची मागे-पुढे लांबी: ढुंगणाच्या मागपासून गुडघ्याच्या लवणापर्यंत, त्यातून दोन बोटं वजा. ही वजाबाकी विसरली की कड लवणात रुतते आणि लेकरू पुढे घसरतं. रुंदी: कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक इंच जास्त. पाठीच्या दोन फळ्या काटकोनात, म्हणजे खांदे पुढे येतात आणि हात मधे; मान धरणाऱ्या लेकरासाठी खांद्यापर्यंत, न धरणाऱ्यासाठी डोक्याच्या वरपर्यंत. पाय लोंबकळू नयेत, तळवे पूर्ण टेकतील अशी पायफळी. पाय कैचीसारखे आवळत असतील तर गुडघ्यांच्या मधे, जांघेला न लागता, फोम गुंडाळलेला गोल खुंटा. पट्टा पोटावर नको, कमरेच्या सांध्यावरून तिरका खाली. समोरची फळी कोपराच्या उंचीवर. १८ मिमी प्लायवूड, एक इंच फोम, वर धुता येईल असं रेक्झिन.

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटंच बसवा. काढल्यावर ढुंगण, पाठ, टाचा बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तिथे दाब पडतोय, फोम बदला. दर सहा महिन्यांनी मापं पुन्हा. खुर्ची चांगली आहे म्हणून लेकराला दिवसभर त्यात ठेवू नका. तास-दीड तासाने कुशीवर, पोटावर, बाजेवर, जागा बदलत राहा.

चालायचा सराव करणाऱ्यांसाठी अंगणात दोन बांबू पुरतात: आठ-दहा फूट लांब, खांब दोन फूट जमिनीत, उंची लेकराच्या कमरेएवढी, मधलं अंतर दोन्ही बाजूंनी हात धरता येतील इतकं. कोणता व्यायाम करायचा ते मात्र फिजिओथेरपिस्टकडून शिकून या. आवळलेले स्नायू जोराने ओढून सोडवायचा प्रयत्न करू नका. न चालणाऱ्या लेकरांचे खुबे हळूहळू सांध्यातून सरकतात. लंगोट बदलताना मांड्या फाकेनाशा झाल्या की खुब्याचा एक्स-रे मागा.

बैठक आणि आळीपाळी

महिन्यातून एक बैठक, आणि तिचा दिवस आठवडी बाजाराला जोडा. त्या दिवशी बरेच जण मजुरीला खाडा करतात, गाड्या असतात. जागा अंगणवाडी किंवा समाजमंदिर, संडास जवळ असलेली. हंगाम बघूनच वेळ ठरवा: पश्चिम विदर्भात ऑक्टोबरात सोयाबीनची सवंगणी आणि पुढे कापसाची वेचणी, पूर्व विदर्भात जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी. त्या महिन्यांत बैठक रात्री घ्या किंवा सरळ घरी जाऊन भेटा. "कुणी येत नाही" अशी तक्रार करू नका.

बैठकीत भाषण नको. पहिला अर्धा तास बाया बोलतील. मग एकच गोष्ट शिकायची: एका महिन्यात भरवणं, दुसऱ्यात फिट, तिसऱ्यात अर्ज. शेवटी औषधांची वही.

खरा आधार आळीपाळीत आहे. प्रत्येक लेकरासाठी आईखेरीज दोन माणसं अशी तयार करायची जी दोन तास त्याला सांभाळू शकतील: आजी, काकू, शेजारीण; मोठी बहीण मात्र नको. बहिणीची शाळा यात पहिली सुटते, म्हणून तिला यादीतून मुद्दाम वगळा. त्या दोघांनी आईसमोर तीन-चारदा भरवून, बसवून दाखवलं की मग आईने बाहेर पडायचं. सुरुवातीला ती घराच्या दारापर्यंतच जाईल. जाऊ द्या, घाई नको. बापांना कामं नेमून द्या, खुर्ची, बांबू, तालुक्याच्या चकरा. नुसतं "तुम्हीही या" म्हटल्याने ते येत नाहीत. जी आई झोपत नाही, खात नाही, "मी आणि हे दोघंही नसतो तर बरं" असं बोलते, तिला एकटी ठेवू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

कागद, क्रमाने

जन्मदाखला, आधार, यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), मग बाकीचं. क्रम चुकला की चकरा वाढतात. बोटं आवळलेल्या लेकराचे ठसे उमटत नसतील तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपवादाची सोय असते, ती मागा.

यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरतात, तपासणी शासकीय रुग्णालयात होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत; सीपी, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि सिकलसेलही त्यात येतात. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून. इथे नवख्यांकडून एक मोठी चूक होते: सीपीच्या लेकराचा फक्त पाय तपासला जातो आणि टक्केवारी कमी लागते. बुद्धी, बोलणं, नजर, कान यांचीही तपासणी त्याच अर्जात मागा. लहान वयात दाखला तात्पुरता मिळतो, त्यावरची मुदत वहीत लिहून ठेवा.

दाखला हातात आला की:

तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजना. ४० टक्क्यांचा दाखला, रहिवासी दाखला, आणि वार्षिक ५० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला. बँक खातं आधारशी जोडलेलं असू द्या, पैसे अडकतात ते बहुधा तिथेच.

निरामय आरोग्य विमा, राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा. सीपी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी वर्षाला १ लाखापर्यंत, ओपीडी, औषधं आणि थेरपीसुद्धा. आधी खर्च करून बिल परत मिळवायचं असतं, म्हणून प्रत्येक पावती जपा. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नूतनीकरण मार्चमध्ये विसरलं की संरक्षण संपतं.

एसटीत ४० टक्क्यांवर ७५ टक्के सवलत, आणि ६५ टक्क्यांच्या पुढे सोबतच्या माणसालाही अर्धं तिकीट. खुर्ची, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) अशी साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडीआयपी योजनेत बारा वर्षांखालच्या मुलांना एका वर्षानंतर पुन्हा साधन मिळू शकतं, मोठ्यांना तीन वर्षांनी. जुनी लहान झालेली खुर्ची ओढत बसू नका.

ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. छोट्या गावात ही रक्कम थोडी असते, पण सुताराची मजुरी, बांबू, फोम त्यातून निघतं. ग्रामसभेच्या आधीच लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि ग्रामसभेत सगळ्यांनी मिळून विषय काढा. एकटी बाई उभी राहिली की "बघू" म्हणतात.

शाळा

सहा ते अठरा वयाच्या दिव्यांग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. "आमच्याकडे शिक्षक नाही" हे प्रवेश नाकारायचं कारण होत नाही. नाव पटावर आलं की गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाकडे लेखी कळवा. अगदी हलवता न येणाऱ्या लेकरासाठी घरी शिक्षणाची तरतूद आहे, पण सुरुवात त्यापासून करू नका. आठवड्यातून दोन दिवस, दोन तास जरी वर्गात बसलं तरी गावातली बाकीची मुलं त्याला ओळखू लागतात. गुरुजींना तीन गोष्टी लिहून द्या: फिट आल्यावर काय करायचं, पाणी कसं पाजायचं, संडासला कोण नेणार. तिसरी न ठरल्यामुळेच बहुतेक मुलींची शाळा सुटते.

कुठे बिघडतं

गट एकाच उत्साही माणसावर उभा असला की त्याची बदली किंवा लग्न झाल्यावर तो संपतो. वही दोघींकडे ठेवा. गटात वर्गणी पहिल्या वर्षी घेऊच नका. लेकरांचे फोटो कुणालाही पाठवू नका. मोठ्या होत असलेल्या मुलींच्या बाबतीत तर अजिबात नाही. बोलता न येणाऱ्या मुलीला अंग धुणारं, कपडे बदलणारं कोण आहे हे घरात ठरलेलं असावं, आणि शंका आली तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला कळवा.

"इंजेक्शनने सीपी बरा होतो", "नसांचं औषध", लाखांच्या स्टेम सेल उपचारांची पत्रकं गावापर्यंत येतात. वावर विकण्याआधी ते पत्रक मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागात दाखवून या, एवढं तरी घराकडून कबूल करून घ्या.

आणि गटातलं सगळ्यात मोठं मूल सतरा वर्षांचं झालं की पालकत्वाची फाइल काढा. अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याने ते सज्ञान होतं. स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. हा अर्ज आई-बाप धडधाकट असतानाच करा, आणि त्यांच्यानंतर कोण सांभाळेल याचं नाव त्या माणसाला समोर बसवून ठरवा.